ऐकू येते, पण कळत नाही

निकाल मोबाईलवर आला तेव्हा आमची भाची नळाच्या रांगेत उभी होती. कळशी तिथेच ठेवून ती आमच्या दारात आली आणि काही न बोलता मोबाईल आमच्या हातात दिला. वाचन साडेसहा, लेखन सहा, संभाषण सहा आणि श्रवण पाच. विद्यापीठाची अट होती, एकंदर साडेसहा आणि कोणत्याही भागात सहाच्या खाली नाही. म्हणजे सरळ भाषेत नापास.

"मामा, मी बहिरी आहे का हो?" एवढेच ती बोलली आणि पुन्हा नळावर निघून गेली. पाणी अर्धा तासच येते. रडायलाही तिला सवड नव्हती.

ही गोष्ट ऑक्टोबर २०२३ मधली. त्यानंतरचे चार महिने आम्ही मामा-भाची रोज रात्री इंग्रजी ऐकायला बसलो. त्या चार महिन्यांत जे कळले ते आपल्या घराघरांतील मुलामुलींच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच. त्यात आमच्या स्वतःच्या लाजेची एक गोष्टही आहे. ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

आमची वस्ती कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनच्या अंगाला. आमची थोरली बहीण, जिला सारी गल्ली ताई म्हणते, एका खासगी इस्पितळात सफाईचे काम करते. दाजी वारले तेव्हा पोर सात वर्षांची होती. ताई चौथी शिकलेली, पण लेकीचा एक दिवस शाळेचा चुकू दिला नाही. भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मग बी.एस्सी. झाली. पुस्तके इंग्रजी होती, पण सर शिकवायचे मराठी-हिंदीतून. इस्पितळातल्या आईच्या कामाच्या गोष्टी ऐकत वाढलेली ही मुलगी, तिने सार्वजनिक आरोग्य हा विषय घेऊन परदेशात शिकायचे मनावर घेतले. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज करायचा. पण त्याआधी विद्यापीठात प्रवेश मिळायला हवा आणि प्रवेशासाठी इंग्रजीची परीक्षा.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे आम्ही दर जयंतीला मुलांच्या सत्कारात सांगतो. "इंग्रजी शिका" असेही सांगतो. परंतु तिथल्या वर्गात बसल्यावर प्राध्यापकाचे बोलणे कानाने कसे पकडायचे, हे आम्ही कधी सांगितले नाही. कारण ते आम्हालाच येत नव्हते.

या परीक्षेला मुले आयेल्ट्स म्हणतात. तिचे चार भाग : श्रवण, वाचन, लेखन, संभाषण. त्यातला श्रवणाचा भाग साधारण अर्ध्या तासाचा. चार ध्वनिमुद्रणे ऐकवतात आणि त्यावर ४० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. पहिल्यात दोघांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे, म्हणजे खोली भाड्याने घेणे, नाव-पत्ता लिहून घेणे असे काही. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या जागेची किंवा सोयीची माहिती सांगतो. तिसऱ्यात विद्यार्थी व शिक्षक अभ्यासावर चर्चा करतात. चौथे म्हणजे प्राध्यापकाचे व्याख्यान. साधारण २३ उत्तरे बरोबर आली की सहा गुणांक मिळतो आणि ३० आली की सात. आवाज इंग्लंडचे, ऑस्ट्रेलियाचे, न्यूझीलंडचे, अमेरिकेचे, कुठलेही असू शकतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक मुद्रण एकदाच वाजते. पुन्हा नाही.

फी पंधरा हजारांच्या वर. पहिल्या वेळची ताईने साठवलेली होती. दुसऱ्या वेळेसाठी तिने महिला बचत गटातून उचल घेतली. क्लास लावायला पैसे उरले नाहीत, तेव्हा ताई आम्हाला म्हणाली, "भाऊ, तू बी.कॉम. झालायस, हापिसात इंग्रजी कागद लिहितोस. तूच घे तिचा अभ्यास."

आम्ही हो म्हटले आणि त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

वाचकहो, आता ती लाजेची गोष्ट. आम्ही एका कार्यालयात लिपिक आहोत. इंग्रजी पत्र वाचतो, मसुदा करतो, टिपणी लिहितो. चूक सहसा निघत नाही. पण २००९ साली एकदा मुख्य कार्यालयातून एका साहेबांचा फोन आला. ते भरभर इंग्रजीत बोलत होते. आम्ही "येस सर, ओके सर" म्हणत कागदावर टिपत गेलो. एका अहवालाच्या प्रती काढून पाठवायच्या होत्या. आम्ही ५० प्रती काढून, बांधणी करून पाठवल्या. मागितल्या होत्या १५. खर्चाचा खुलासा मागणारा मेमो आला. मेमोचे एवढे वाटले नाही. पण आमचे वरिष्ठ पलीकडच्या टेबलावर कोणाला तरी म्हणाले, "सवलतीतून भरती केली की असंच होणार." ते मात्र स्पष्ट ऐकू आले. ते मराठीत होते.

त्या दिवसापासून आम्ही इंग्रजी फोन टाळायला शिकलो. फोन वाजला की फाईल घेऊन उठायचे, नाहीतर शेजारच्याला म्हणायचे, "जरा बघा हो." बैठकीत साहेब इंग्रजीत विनोद करत, सगळे हसत, त्यांच्याबरोबर आम्हीही हसत असू. चौदा वर्षे असेच गेली. आणि आता ताई सांगत होती की तूच अभ्यास घे.

पण नाही म्हणण्याची हिंमत त्याहून कमी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे विहाराच्या माडीवरच्या अभ्यासिकेत जाऊन बसलो. दहानंतर तिथे मुले कमी होतात. घरात दहा बाय बाराची खोली, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही, मागे कर्जतकडे जाणाऱ्या गाड्या. तिथे ऐकण्याचा अभ्यास होणे शक्य नव्हते. इअरफोन एकच. त्याची एक दोरी तिच्या कानात, दुसरी आमच्या. दादरच्या फुटपाथवरून जुनी सराव-पुस्तके आणली होती. त्यांत प्रश्न असतात आणि पाठीमागे ध्वनिमुद्रणाचा पूर्ण मजकूर छापलेला असतो. मुद्रणे मोबाईलवर घेतलेली.

पहिल्या रात्री भाचीला ४० पैकी १७ मिळाले. आम्हाला ९. तिने आमचा कागद पाहिला आणि मान खाली घातली. आम्हीच म्हणालो, "पोरी, तुझा मामा तुझ्याहून बहिरा आहे. आता दोघांनी मिळून शिकायचं."

मग आम्ही एक गोष्ट केली. पाठीमागचा छापील मजकूर काढला आणि जे जे शब्द ऐकताना सुटले होते त्यांच्याखाली लाल रेघ ओढली. एका पानावर ३१ शब्द निघाले. भाचीला विचारले, यातले माहीत नसलेले किती? ती मोजू लागली. फक्त चार. बाकीचे सत्तावीस शब्द तिने हजार वेळा वाचलेले, लिहिलेले होते. छापलेले दिसले तर तिने झोपेतही ओळखले असते. कानावर आले तेव्हा ओळखले नाहीत.

म्हणजे दोष बुद्धीचा नव्हता आणि शब्दसंग्रहाचाही नव्हता. आपल्या मुलांनी इंग्रजी डोळ्यांनी शिकलेले असते. ज्या घरात आईबाप, मामा-मावश्या इंग्रजी बोलतात, त्या घरातले मूल ते आधी कानाने शिकते आणि मग डोळ्यांनी. आपल्याकडे कानाची पाळी आलीच नाही.

पुढे लक्षात आले की इंग्रज माणूस शब्द सुटे बोलतच नाही. एक शब्द दुसऱ्यात मिसळतो. महत्त्वाच्या शब्दावर जोर देतो आणि लहान शब्द गिळून टाकतो. 'कप ऑफ टी' हे तो असे म्हणतो की भाचीला 'कपटी' ऐकू आले. 'अॅन अवर' चे झाले 'अनावर'. 'इज ही' चे झाले 'ईझी'. 'टर्न इट ऑफ' चे 'टर्निटॉफ'. आम्ही दोघे पोट धरून हसलो. अभ्यासिकेतल्या एका मुलाने दटावले, तेव्हा कुठे थांबलो.

पण हसता हसता विचार आला, आपण तरी काय वेगळे करतो? पुस्तकात 'काय झाले आहे' असे असते, आपण 'काय झालंय' म्हणतो. 'कुठे चालला आहेस' चे 'कुठं चाललायस' होते. पुस्तकातून मराठी शिकलेला परप्रांतीय आमच्या आजीसमोर बसला असता तर त्याचीही आमच्यासारखीच गत झाली असती. फरक एवढाच की मराठीत आपण प्रत्येक अक्षराला बहुतेक सारखाच वाटा देतो. इंग्रजीत तसे नाही. एकाला पोटभर, दुसऱ्याला उपाशी. कोणाला पोटभर मिळाले ते कानाने धरायचे. अर्थ बहुधा तिथेच असतो.

सगळे काही गोडीगुलाबीने झाले असे नाही. महिना झाला तरी भाचीचा आकडा १९-२० च्या पुढे सरकेना. आमची सवय अशी की एक शब्द सुटला की मुद्रण थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा ऐकायचे. एका रात्री तिने इअरफोन ओढून काढला. "मामा, तुम्ही सारखं थांबवून थांबवून ऐकवता. परीक्षेत कोण थांबवणार आहे माझ्यासाठी? तुमच्यामुळं माझी सवय बिघडतेय." आणि ती उठून गेली. ओढाताणीत इअरफोनची वायरही तुटली.

आम्हाला राग आला. दिवसभर नोकरी, संध्याकाळी कोणाच्या रेशनकार्डाचे काम, कोणाच्या जातपडताळणीचे कागद, त्यानंतर हे जागरण, आणि वर हे ऐकून घ्यायचे. पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही तिच्यासाठी थांबत नव्हतो, स्वतःसाठी थांबत होतो. आमची चौदा वर्षांची भीती आम्ही तिच्या वेळेतून फेडून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी ताईच्या घरी गेलो. नवा इअरफोन आणायचा होता, म्हणून त्या संध्याकाळी मोबाईलचा आवाज मोठा करून घरातच सराव लावला. ताई कोपऱ्यात मेथी निवडत बसली होती. मुद्रणात एक बाई कुठल्याशा इमारतीची माहिती देत होती. कोणती खोली कुठे, कोणत्या क्रमांकाची. भाचीने लिहिले ५०. आम्हीही लिहिले ५०.

ताई मान वर न करता म्हणाली, "पन्नास कुठं? पंधरा म्हणली ती."

आम्ही मागचे पान उघडून पाहिले. पंधराच होते.

"ताई, तुला कसं कळलं गं?"

"त्यात काय कळायचंय? वीस वर्सं झाली, रोज ऐकते. सिस्टर वरून वरडते, बेड फिफ्टीन, बेड फिफ्टी. चुकीचा बेड पुसला तर माझी खैर आहे का? पंधरा असला की शेवटाला लांबवत्यात, तिथंच जोर देत्यात. पन्नास असला की म्होरं जोर देऊन तोडून टाकत्यात. पहिल्या वर्सी मी पण चुकले. मग इचारायचे, सिस्टर, वन-फाईव्ह का फाईव्ह-झिरो? तिनंच शिकवलं तसं इचारायला."

आम्ही दोघे ताईकडे पाहतच राहिलो. जी चूक आमच्या नोकरीत मेमो होऊन आली, जिच्यामुळे आम्ही चौदा वर्षे तोंड लपवून फिरलो, ती चूक चौथी शिकलेल्या आमच्या बहिणीने पहिल्याच वर्षी दुरुस्त केली होती. आमच्याकडे पदवी होती म्हणून आम्हाला विचारायची लाज वाटली. तिच्याकडे पदवी नव्हती, म्हणून तिने विचारले.

त्या संध्याकाळी आम्ही प्रथमच त्या दोघींना मेमोची गोष्ट सांगितली. भाची काही बोलली नाही. ताई एवढेच म्हणाली, "आधी सांगायचं होतंस भाऊ." मग तिने मेथी उचलली आणि चुलीकडे गेली.

त्यानंतर आम्ही अभ्यासाची रीत बदलली. ज्या मुलांना ही किंवा अशी परीक्षा द्यायची आहे, त्यांच्यासाठी ती येथे सविस्तर सांगतो.

अभ्यासाचे दोन वेगळे भाग केले. पहिला कान घडवण्याचा, दुसरा परीक्षेचा. दोन्ही एकत्र करायचे नाहीत. कान घडवताना हवे तितके थांबावे. एक-दोन मिनिटांचाच तुकडा घ्यावा. आधी पुस्तक मिटून नुसता ऐकावा. मग एकेक वाक्य थांबवून जे ऐकू आले ते कागदावर लिहावे, चुकले तरी चालेल. मग छापील मजकुराशी ताडून पाहावे आणि लाल रेघ ओढावी. शब्द माहीतच नव्हता की माहीत असून ओळखला नाही, हे प्रत्येकापुढे लिहावे. शेवटी त्या आवाजाबरोबर मोठ्याने, त्याच्याच चालीवर म्हणावे. जे आपल्या तोंडातून तसे निघते ते कानाला लवकर ओळखू येते. रोज अर्धा तास पुरे. रविवारी पाच तास बसून सहा दिवस सुट्टी घेतली तर कान पुन्हा होता तसा होतो.

परीक्षेचा सराव मात्र घड्याळ लावून, एकदाच वाजवून. काही झाले तरी थांबवायचे नाही. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ मिळतो. त्यात काय ऐकायचे आहे याचा अंदाज बांधायचा : इथे आकडा येणार, इथे वार येणार, इथे जागेचे नाव. उत्तरे प्रश्नांच्याच क्रमाने येतात, त्यामुळे एक डोळा पुढच्या प्रश्नावर ठेवावा. बोलणारे मुद्दाम फिरवतात. आधी म्हणतील मंगळवारी भेटू, मग म्हणतील, नको, त्या दिवशी हॉल रिकामा नाही, गुरुवारी ठेवू. ज्याने मंगळवार ऐकून पेन खाली ठेवले तो फसला. वाक्य संपेपर्यंत कान उघडा ठेवावा. फोन नंबरात शून्याला बरेचदा 'ओ' म्हणतात आणि सारखे दोन आकडे आले तर 'डबल'. नाव अक्षरे सांगून लिहायला लावतात. तिथे जी आणि जे, ए आणि ई यांत आपली मुले गोंधळतात. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'ए' तर पुष्कळदा 'आय' सारखा वाटतो. ही अक्षरे आणि आकडे भाची रोज सकाळी नळावर उभी राहून ऐकायची.

स्पेलिंग चुकले तर गुण जातो. दोनच शब्दांत उत्तर लिहा असे म्हटले असेल आणि तीन लिहिले तरी जातो. परंतु चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी सोडू नये.

आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे सुटलेले सोडून देणे. भाचीचे गुण तिथेच जात होते. एक उत्तर सुटले की ती तेच आठवत बसे आणि तोवर पुढची तीन निघून जात. आम्ही तिला म्हणालो, "सात बावीसची लोकल सुटली म्हणून तू फलाटावर तिच्याकडे बघत उभी राहिलीस, तर सात एकोणतीसचीही सुटेल." त्यानंतर ती सुटलेल्या उत्तरापुढे एक टिंब द्यायची आणि पुढे जायची. आकडा २० वरून २३ झाला, २३ वरून २६.

पैसे न लागणारी साधनेही पुष्कळ आहेत. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या हळू, स्पष्ट आणि आपल्या ओळखीच्या विषयांच्या असतात. सुरुवात तिथून करावी. बीबीसीचा शिकणाऱ्यांसाठीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम मोबाईलवर मिळतो आणि त्याचा लिखित मजकूरही मिळतो. एका वेळी सहाच मिनिटे. कल्याणहून ठाण्याला पोहोचेपर्यंत तीनदा ऐकून होतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये भाचीने दुसऱ्यांदा परीक्षा दिली. केंद्रावर आम्ही सोबत गेलो होतो. बाहेर आल्यावर म्हणाली, "मामा, पाच टिंबं दिली." निकाल आला : श्रवण साडेसहा, वाचन सात, लेखन सहा, संभाषण साडेसहा. एकंदर साडेसहा. ताईने इस्पितळात पेढे वाटले, पहिला त्या सिस्टरला दिला.

इथेच सारे संपले असे नाही. त्या वर्षी शिष्यवृत्तीत नंबर लागला नाही. या परीक्षेचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरतात, त्यामुळे पुढच्या वर्षीही हुकले असते तर पुन्हा फी, पुन्हा परीक्षा. तिने वर्षभर एका औषध दुकानात हिशेबाचे काम केले आणि कानाचा अभ्यास सोडला नाही. २०२५ साली नंबर लागला आणि सप्टेंबरमध्ये ती उत्तर इंग्लंडमधील लीड्स शहरी गेली.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मामा, इथल्या बसवाल्याचं एक अक्षर कळलं नाही. परीक्षेत असं कोणी बोलतच नव्हतं."

आमच्या पोटात गोळा आला. विचारले, "मग काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, सॉरी, पुन्हा सांगा. त्यानं पुन्हा सांगितलं. तरी कळलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं. मग त्यानं हळू सांगितलं, हाताची बोटं दाखवून. रागावला नाही मामा. मागचे लोकपण थांबले."

बंधू-भगिनींनो, परीक्षेत मुद्रण एकदाच वाजते. तिथे विचारायची सोय नाही. पण परीक्षेबाहेरच्या जगात ती सोय आहे, आणि ती आपण वापरत नाही. इस्पितळात डॉक्टर इंग्रजीत काय सांगतात, बँकेत साहेब कशावर सही करायला सांगतात, कोर्टात पुढची तारीख कोणती पडली, आपली माणसे मान हलवतात आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारतात, "काय म्हणाले?" कळले नाही असे म्हटले तर आपल्याला अडाणी म्हणतील या भीतीने आपण हो म्हणतो. त्या एका होकारापायी कोणाचे औषध चुकते, कोणाचे घर जाते. आमच्या ५० प्रती गेल्या, त्या मानाने आमचे थोडक्यात निभावले.

आता दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर अभ्यासिकेत आमचा एक तास असतो. मुले त्याला 'कानाचा तास' म्हणतात. एक लहान स्पीकर आणला आहे. आठ-दहा मुले येतात, त्यांत दोन आयाही येतात. आकडे ताई घेते. फिफ्टीन, फिफ्टी, थर्टीन, थर्टी, ती स्वतः ओरडून म्हणते आणि मुले पाटीवर लिहितात. चुकले की ती म्हणते, "बेड चुकला!"

परवा कार्यालयात फोन वाजला. शेजारचे टेबल रिकामे होते. आम्ही उचलला. पलीकडून कोणी बाई भरभर इंग्रजीत बोलत होत्या. काही फॉर्म पाठवायचे होते. आकडा कानावर आला आणि हात नेहमीप्रमाणे 'येस मॅडम' कडे वळू लागला. आम्ही पेन थांबवले. म्हटले, "सॉरी मॅडम, वन-फाईव्ह ऑर फाईव्ह-झिरो?"

क्षणभर पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "वन-फाईव्ह. थँक यू फॉर आस्किंग."

आम्ही कागदावर १५ लिहिले आणि त्याभोवती एक गोल काढला.